भयपटाची स्वस्ताई

हातात पैसा नसेल तर भयपट कर, हा सल्ला नव्या दिग्दर्शकाला हमखास मिळतो. नावाजलेले नट लागत नाहीत, एक ओसाड वाडा पुरतो, चाललाच तर पुढे ‘चांगल्या’ सिनेमाकडे वळता येतं. रामसे बंधूंनी १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून थोडक्या पैशांत भयपटांचा कारखाना चालवला, तेव्हा हा हिशेब अगदीच हवेतला नाही. पण थोडक्या पैशांत भागतं म्हणून थोडक्या मेहनतीतही भागेल, हे कुठून आलं? सिंधुदुर्गातला दशावतार हा लोकनाट्यप्रकार पाहा. जत्रेत मध्यरात्रीनंतर उभा राहणारा हा खेळ एका बाकड्यावर चालतो. तेच सिंहासन, तोच पलंग. नट आपला पेटारा उघडून स्वतःच रंग लावतो, संवाद जागच्या जागी रचतो. तरी संकासुर राक्षस उठला की पुढे बसलेली पोरं मागे सरकतात. हे साधतं ते दशावतारी कंपनीत काढलेल्या वर्षांमुळे. तिथे पैसा वाचतो, वर्षं वाचत नाहीत.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांची कारकीर्द अशाच वर्षांची आहे. त्यांच्या ‘तुंबाड’ या हिंदी भयपटाचा पहिला खर्डा १९९७चा, त्यांच्या अठराव्या वर्षीचा. पुढे सुमारे सातशे पानांचा स्टोरीबोर्ड झाला, २०१२ साली चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा केलं. पावसाळी उजेड खराच हवा म्हणून पावसाळ्यांची वाट पाहिली. २०१८मध्ये सिनेमाने व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात केली आणि ऑक्टोबरात तो आपल्याकडे लागला. एकवीस वर्षांत एक सिनेमा, ही कसली कारकीर्द, असं विचारणारे गल्ल्यावर बोट ठेवतात. मग गल्लाच पाहू: सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. सोहम शाह यांच्यासारखा निर्माता पाठीशी असताना ‘स्वतंत्र’ कसलं, हा आक्षेप जास्त वजनदार. मात्र स्वातंत्र्य म्हणजे कफल्लक असणं नव्हे. झालेलं काम नको, पुन्हा करू, असं म्हणता येणं आणि त्यासाठी पैसे घालणारा सापडणं, हेच ते. एरवी हिंदीत हे कोणाला परवडतं?

राहता राहिला कोकणचा आक्षेप. आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली तेव्हा तळकोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशी ओरड झाली. ती निम्मी खरी आहे. उसनं भूत आणून माडाखाली उभं केलं तर गावाची बदनामीच होते, शिवाय भीतीही वाटत नाही. पण तळकोकणातल्याच आरवलीचा वेतोबा बघा. भुतांचा हा अधिपती रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला हातभर लांबीच्या चामडी वहाणा आणि केळीचे घड वाहतात. ज्याला घाबरायचं त्यालाच गाऱ्हाणं घालायचं, हे नातं परक्या भयपटाच्या साच्यात बसत नाही. ‘तुंबाड’मधला बर्वेंचा हस्तर देव भीतीदायक वाटतो तो अशाच गुंत्यामुळे: तो शापित आहे, तरी त्याच्या मुद्रांवर घर चालतं. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’त (२०१७) भीती उसाच्या फडातून आणि मुलगी नको असलेल्या घरातून येते, त्याचीच पुढे हिंदीत ‘छोरी’ झाली. वेतोबावर सिनेमा करू पाहणाऱ्याने आधी आरवलीत मुक्काम ठोकावा. कॅमेरा भाड्याने मिळतो.