तेव्हाचं पान, आत्ताचं पान

दोन काळांत चालणाऱ्या युद्धकादंबऱ्यांचा एक ठरलेला फंडा असतो. एक चॅप्टर तेव्हाचा, एक आत्ताचा. तेव्हाचा म्हणजे बॉम्ब, पत्रं, ताटातूट. आत्ताचा म्हणजे चाळिशीतली कुणीतरी बाई, तिचं विस्कटत चाललेलं लग्न आणि जुन्या ट्रंकेत सापडलेली एखादी वस्तू. मग आपण काय करतो? आत्ताची पानं भराभर उलटतो. लोकलमध्ये धड उभं राहायला जागा नाही, त्यात कुणाचा डिव्होर्स कोण वाचत बसणार, बॉस!

अशा पानं उलटणाऱ्यांसाठी तात्याना द रोनेची ‘साराज् की’. लिहिली इंग्रजीत, पण २००६ मध्ये आधी आली ती फ्रेंचमध्ये.

१६ जुलै १९४२, पॅरिस. पहाटे पोलीस दारात. दहा वर्षांची सारा धाकट्या भावाला भिंतीतल्या चोरकपाटात लपवते, कुलूप लावते आणि किल्ली खिशात टाकते. थोड्या वेळात परत येऊ, असंच तिला वाटत असतं.

सारा काल्पनिक, पण ती पहाट खरी. आणि ते पोलीस जर्मन नव्हते, फ्रेंच होते. दोन दिवसांत त्यांनी १३ हजारांहून जास्त ज्यूंना पकडलं. त्यात ४ हजारांवर मुलं! मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना सायकल शर्यतींच्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये कोंबलं, ऐन जुलैच्या उकाड्यात. पाण्याचे हाल, टॉयलेट नावापुरती. तिथून छावण्या, आणि पुढे ऑशविट्झ.

आत्ताच्या ट्रॅकवर आहे ज्युलिया, पॅरिसमध्ये राहणारी अमेरिकन पत्रकार. २००२ मध्ये या धरपकडीला ६० वर्षं होतात, म्हणून ती लेख लिहायला घेते आणि तिला कळतं, की आपण ज्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार तो साराचा होता. १९४२ च्या त्याच उन्हाळ्यात तिच्या सासरचे तिथे राहायला आले होते. मग आधीचे लोक गेले कुठे? घरात हा प्रश्न कुणी काढत नाही. देशानेही कुठे काढला होता? ते स्टेडियम १९५९ मध्ये पाडून टाकलं गेलं, आणि यात फ्रेंच सरकारचा हात होता हे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केलं ते १९९५ मध्ये. त्रेपन्न वर्षांची ही चुप्पी नुसत्या १९४२ च्या गोष्टीत मावलीच नसती. तिला ज्युलियाच हवी.

आणि मग लेखिका एक भारी गोष्ट करते. साधारण अर्ध्यावर साराचे चॅप्टर चक्क बंद! वैताग येतो. पण तिथून पुढे सारा आपल्याला भेटते ती फक्त इतरांच्या सांगण्यातून, तुकड्यातुकड्यांत. मागे राहिलेल्यांना गेलेली माणसं अशीच तर भेटतात. उत्तरार्ध थोडा सैल आहे, हे खरं. ज्युलियाच्या नवऱ्याचं प्रकरण तर अगदी टीव्ही सीरियल. शेवटचे योगायोगही जरा जास्तच.

सेबास्टियन फॉक्सच्या ‘बर्डसाँग’चंही (१९९३) तेच. त्यातल्या १९७० च्या दशकातल्या नातीवर अनेकजण वैतागतात. पण ती फ्रान्समध्ये तिएपव्हालच्या स्मारकापाशी पोचते ना, ते पान सोडू नका. तिथे ७२ हजारांवर नावं कोरलेली आहेत, आणि तीसुद्धा फक्त ज्यांची कबर कुठे सापडली नाही त्यांची.

‘साराज् की’वर २०१० मध्ये सिनेमाही आला, क्रिस्टिन स्कॉट थॉमसचा. बघा, पण पुस्तकानंतर. कपाटाचं पुढे काय होतं ते सांगत नाही. फक्त ते पान ऑफिसच्या लंच अवरमध्ये गाठू नका.