विकासशुल्क द्यावे, पण हिशेब मागून

नव्या वसाहतीत घर घेणाऱ्यास घराच्या किमतीबरोबर विकासशुल्काचा भारही सोसावा लागतो आणि मग 'पालिका लुटते' असा सूर आपल्या मंडळींतूनही निघतो. हा सूर आम्हांस मान्य नाही. राज्य शासनाच्या सेवेत उभे आयुष्य घालविल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, अन्याय शुल्क घेण्यात नाही. घेतलेल्या शुल्काचा हिशेब न देण्यात आहे.

दांडिया बाजार, रावपुरा या भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १८७९ सालची सयाजीबाग, आजव्याचे पाणी, १९१० साली उभी राहिलेली ग्रंथालय-व्यवस्था हे सारे आपणांस आयते मिळाले. परंतु ते फुकटचे नव्हते. त्यामागे बडोदे संस्थानातील रयतेचा सारा होता. महाराज सयाजीरावांची ग्रामग्रंथालयांची योजनाच पाहावी. लोकांनी जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असे तिचे तत्त्व होते. म्हणजे लोकांचा वाटा तेव्हाही होता. मात्र त्या वाट्यातून आलेली पुस्तके त्याच गावात वाचावयास मिळत.

आजचा कायदाही या बाबतीत दरिद्री नाही. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना व नागरी विकास कायद्यानुसार योजनेतील जमिनीपैकी रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्याने व मैदानांसाठी ५ टक्के, शाळा, दवाखाना, अग्निशमन यांसारख्या सोयींसाठी ५ टक्के आणि विक्रीसाठी १५ टक्क्यांपर्यंत जमीन राखता येते. शिवाय योजनेमुळे जमिनीचे जे मोल वाढते, त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेता येते. इतके हाती असूनही सोयींच्या भूखंडाला कुंपण आणि आत बाभळी, असे दृश्य दिसते ते का?

कोणी म्हणेल, शुल्क बिल्डरवर लावले तरी ते शेवटी ग्राहकाच्याच माथी येते. हे अर्धसत्य आहे. दर आधीपासून ठाऊक असेल, तर बिल्डर जमीन घेतानाच तो भाव पाडून घेतो. बांधकाम अर्ध्यावर असताना दर बदलला, की मात्र बोजा ग्राहकावर पडतो. म्हणून दर आगाऊ ठरावा व मध्येच बदलू नये.

याहून गंभीर प्रकार म्हणजे अनधिकृत बांधकाम फी घेऊन नियमित करणे. २०११ चा कायदा व २०२२ चा वटहुकूम याच वाटेने गेले. जिने, वाहनतळ, मोकळी जागा गिळून टाकलेल्या इमारतीकडून रक्कम वसूल झाली, तरी गिळलेली जागा परत येत नाही. सोयीसाठी शुल्क घेणे हे नगररचनेचे काम आहे. गैरसोय माफ करण्यासाठी फी घेणे हे नव्हे.

आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक नगररचना योजनेच्या जमाखर्चाचे स्वतंत्र खाते असावे आणि ते दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. एका योजनेचा पैसा दुसरीकडे वळवू नये. आणि शाळा, दवाखाना, वाचनालय यांच्या भूखंडांवर काम सुरू झाल्याशिवाय त्या योजनेतील विक्रीचा भूखंड लिलावास काढू नये.

आपली तरुण मंडळी आज गोत्री, वासणा, मांजलपूर अशा भागांत पांगली आहेत. तेथे मराठी पुस्तक मिळत नाही म्हणून हळहळण्यापेक्षा, आपण राहतो त्या योजनेत सोयींसाठी किती जागा राखली आणि किती शुल्क जमा झाले, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये लेखी विचारावे. अर्ज एका पानाचा असतो. उत्तर हाती आले की वाचनालयाची मागणी करावी. तोवर ती केवळ विनंती राहील.