मुदत मोजायची कुठून?

इंग्लंडमध्ये ज्या मुलांना स्वतःच्या घरी सुरक्षित राहता येत नाही, त्यांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर येते. ही मुलं प्रतिपालक कुटुंबांत किंवा बालगृहांत वाढतात. कौन्सिलने हयगय केली तर तिच्याविरुद्ध तक्रार मांडण्याची सोय १९८९च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टमध्ये आहे. २००६च्या नियमावलीने मात्र या तक्रारीला मुदत घातली : तक्रारीचं कारण घडल्यापासून एक वर्ष.

या मुदतीचे समर्थक तीन गोष्टी सांगतात. काळ लोटला की पुरावा उरत नाही, सोशल वर्कर नोकरी सोडून गेलेले असतात. जुनी प्रकरणं उकरत बसलं, तर आज संकटात असलेल्या मुलांचा वेळ जातो. शिवाय उशिरा आलेली तक्रार घेण्याची मुभा नियमात आहेच.

पुराव्याचा मुद्दा आधी घेऊ. कौन्सिलच्या देखभालीत वाढलेल्या मुलाची फाइल त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत जपून ठेवण्याचं बंधन इंग्लंडच्या कायद्यानेच घातलं आहे. कुणाला कुठे ठेवलं, का हलवलं, भेटीला कोण आलं, हे सारं त्या फाइलमध्ये नोंदवायचं असतं. कागद मुलाच्या पंचाहत्तरीपर्यंत टिकवायचे आणि त्यांतल्या चुकीबद्दल बोलायला एकच वर्ष द्यायचं, ही विसंगती आहे. माणसं नोकरी सोडून जातात हे खरं. पण ती वर्षाच्या आतही जातात.

वेळेचा मुद्दाही लंगडा आहे. लहानपणी झालेल्या इजेबद्दल दिवाणी दावा लावायचा, तर १९८०च्या लिमिटेशन अ‍ॅक्टनुसार तीन वर्षांची मुदत साधारणपणे वयाच्या अठराव्या वर्षापासून धरतात. म्हणजे एकोणीस वर्षांच्या तरुणाला कौन्सिलच्या तक्रार-कक्षाचा दरवाजा बंद, कोर्टाचा उघडा! कोर्टात वेळ आणि पैसा दोन्ही जास्त जातो. तक्रारीचा पहिला टप्पा दहा कामकाजी दिवसांत, फार तर वीस दिवसांत संपावा अशी अपेक्षा असते. काटकसर कशात आहे ते यावरून दिसतं.

आता मुभेकडे पाहू. मुदतीत तक्रार करणं त्या व्यक्तीला शक्य नव्हतं आणि आजही नीट, निःपक्ष चौकशी होऊ शकते, असं वाटलं तर कौन्सिल उशिराची तक्रार घेऊ शकते. मुदतीत तक्रार पुढे आणण्याचा आत्मविश्वास नसलेल्या मुलांचा विचार करा, असं सरकारी मार्गदर्शनही सांगतं. पण हे ठरवतं कोण? जिच्याविरुद्ध तक्रार आहे तीच कौन्सिल. नकार मिळाल्यावर, कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र आधार नसलेल्या किती तरुणांना ती वाट ठाऊक असते? खुद्द लोकपालाची बारा महिन्यांची मुदत तर संबंधिताला बाब कळल्यापासून धरली जाते. कौन्सिलला हाच न्याय लावायला हरकत नसावी.

बारा वर्षांच्या मुलाला रात्रीतून दुसऱ्या गावी हलवलं, तर आपल्यावर अन्याय झाला की हीच रीत आहे, हे त्याने कसं ओळखायचं? ज्यांच्याविरुद्ध बोलायचं, त्यांच्याच हातात त्याचं जेवण, शाळा आणि भावंडांची भेट असते. अनेकांना आपली गोष्ट मोठेपणी, स्वतःची फाइल मागवून वाचल्यावरच पहिल्यांदा सलग कळते.

म्हणून मुदत असावी, पण ती योग्य ठिकाणाहून मोजावी. आईवडील आणि प्रतिपालक यांच्या तक्रारींना एक वर्ष पुरेसं आहे. जे स्वतः मूल म्हणून कौन्सिलच्या देखभालीत होते, त्यांचं वर्ष अठरा पूर्ण झाल्यापासून किंवा फाइल हातात आल्यापासून, यांतलं जे नंतर घडेल तिथून सुरू व्हावं. तक्रार उशिराची ठरवून नाकारण्याचा निर्णय कौन्सिलबाहेरच्या व्यक्तीने द्यावा, तोही लेखी कारणांसह. आणि त्याच पत्रात लोकपालाचा पत्ता असावा. यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. तक्रारीच्या दुसऱ्या टप्प्यावर कौन्सिलबाहेरची स्वतंत्र व्यक्ती नेमण्याची तरतूद आजही आहे. तिला एक टप्पा आधी बोलवावं आणि २००६च्या नियमावलीत एवढी दुरुस्ती ब्रिटिश सरकारने करावी.