फोनचा पडदा लुकलुकतो तेव्हा



उसाचा पाला पिवळा दिसला, की आपल्यापैकी बरेच जण लगेच युरियाची गोणी उघडतात. मी मात्र नेहमी विचारतो, पिवळी पाने कोणती? खालची जुनी पाने पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी पडले. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. तेथे युरिया टाकून पैसे मातीत जातात. फोनच्या पडद्याचेही असेच आहे. पडदा लुकलुकतो, एवढ्यावरून औषध सांगता येत नाही. तो केव्हा लुकलुकतो, हे आधी पाहावे लागते.

शेतीच्या सदरात फोन कशाला, असे कोणी म्हणेल. पण २०२१ पासून आपण ई-पीक पाहणी फोनवर करतो, शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढतो. बँकेचा ओटीपीही फोनवरच येतो. तेव्हा फोन हे आता घरातले एक अवजारच झाले आहे, आणि अवजाराची निगा हा आपला विषय आहे.

गेल्या खरिपात एक वहिनी कार्यालयात आल्या. पीक पाहणीचे दोनच दिवस उरले होते आणि फोनचा पडदा सारखा उजळे, मंद होई. दुकानात त्यांना नवा डिस्प्ले बसवायला २,८०० रुपये सांगितले होते. "साहेब, एवढ्यात डीएपीच्या दोन गोण्या येतात," त्या म्हणाल्या. मी विचारले, "केव्हा लुकलुकतो?" थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "घरात बरा असतो. रानात गेलं की सुरू."

उत्तर तेथेच मिळाले. पडद्याच्या वरच्या बाजूला, कॅमेऱ्याजवळ, बाहेरचा उजेड ओळखणारा एक बारीक डोळा असतो. त्यावरून फोन पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त करतो. वहिनींच्या फोनची वरची काच तडकली होती आणि नेमक्या त्या डोळ्यावर चिखल बसला होता. काच काढली, मऊ फडक्याने पुसले, सेटिंगमधील आपोआप उजेड बदलण्याचे बटण बंद केले. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी त्यांची पीक पाहणी झाली.

प्रत्येक वेळी इतके सोपे नसते. म्हणून पुढील क्रम लक्षात ठेवा.

पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, आतला माल हलवण्याचे. पडदा दिसतो आहे तोवर फोटो दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर घ्या, महत्त्वाचे नंबर वहीत उतरवा.

मग फोन बंद करून पुन्हा चालू करा. सुरू होताना कंपनीचे नाव येते, तेव्हाही पडदा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा यंत्रातच आहे.

चार्जिंगला लावल्यावरच लुकलुकतो का, ते पाहा. तसे असेल तर चार्जर काढा. थांबले, तर चार्जर किंवा वायर सदोष समजा. बाजारातला हलका चार्जर वीज नीट गाळून देत नाही; त्याने पडदा थरथरतो, कधी बोट न लावताही बटणे दाबली जातात.

एखादे नवे ॲप घेतल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर 'सेफ मोड' वापरून पाहा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत 'पॉवर ऑफ' या अक्षरांवर बोट दाबून धरले, की तो पर्याय येतो. त्यात आपण बाहेरून घेतलेली ॲप झोपी जातात. लुकलुकणे थांबले तर दोष ॲपचा. अलीकडची ॲप एकेक काढून पाहा. फोन पुन्हा चालू केला, की तो नेहमीसारखा होतो. सगळा फोन पुसून टाकणारा 'फॅक्टरी रीसेट' मात्र आतला माल हलवल्याशिवाय कधीही करू नका.

पडद्यावर रेघा दिसत असतील तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवा. तेथे रेघा नसतील तर दोष पडद्याचा आहे.

उन्हाचीही काळजी घ्या. ॲपल कंपनीने आपले आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावेत असे सांगितले आहे. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेला फोन स्वतःच पडदा मंद करतो. त्याला सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको, आत बाष्प धरते.

भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाचे बारीक कण आत जातात म्हणून तसे करू नये, असे ॲपलनेच सांगितले आहे. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, हवेशीर जागी वाळू द्या.

आणि एक धोक्याची खूण: पडदा किंवा पाठ फुगून वर आली असेल तर बॅटरी फुगली आहे. असा फोन दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. उशाशी तर मुळीच ठेवू नका.

फोन पडल्यानंतर लुकलुकणे सुरू झाले, तर आतली पट्टी सैल झालेली असू शकते. तेथे दुकानच गाठावे. जाताना सिमकार्ड काढून घ्या. ओटीपी सिमवर येतो, फोनवर नव्हे. तेच सिम घरातल्या दुसऱ्या फोनात घातले, की काम अडत नाही. पैशांच्या ॲपचा पिन कोणालाही सांगू नका.

हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. एका पावसाळ्यात माझा फोन मोटारसायकलवरून पडला. दोन दिवस पडद्यावर रेघा येत-जात राहिल्या. चालतोय ना, म्हणून मी दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी पडदा काळा झाला. आत अतिवृष्टीने झोपलेल्या पिकांचे पंचनाम्याचे फोटो होते. पुन्हा काढावेत, तर शेतातले पाणी ओसरलेले. महसूल खात्यातील सहकाऱ्यांच्या फोनात प्रती होत्या, म्हणून शेतकऱ्यांचे नुकसान टळले. नसत्या, तर त्यांना काय तोंड दाखवले असते?

म्हणून सांगतो, तुमचा फोन आज ठणठणीत असला तरी शेताचे, कागदपत्रांचे फोटो आज रात्रीच घरातल्या दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. घरातील शिकणारी मुले हे काम दहा मिनिटांत करून देतील.