क्षितिज हरवते तेव्हा: घरगुती सिम्युलेटरला खेळणे म्हणणाऱ्यांसाठी

घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याकडे दोन प्रकारची माणसे हमखास भेटतात. पहिली म्हणतात, हे खेळणे आहे, बाजूला ठेव आणि अभ्यासाला बस. दुसरी त्याला तीन पडदे, धातूचा योक, पायाखालची पेडल्स आणि डोळ्यांवर चढवायचा आभासी वास्तवाचा चष्मा विकू पाहतात आणि सांगतात की आता हे अगदी खऱ्यासारखे झाले आहे. दोघांची मोजपट्टी एकच आहे: खरेपणा. ती मोजपट्टीच चुकीची आहे, आणि तिचा भुर्दंड ज्यांच्याकडे पैसा कमी आहे त्यांना पडतो.

भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात राहणारी, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली, वैमानिक होऊ पाहणारी एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. भिलाई पोलाद कारखान्याची नंदिनीची धावपट्टी तिच्यापासून फार लांब नाही. दुर्गहून गाडीत बसले की काही तासांत गोंदिया येते आणि तेथे बिरसी विमानतळावर राष्ट्रीय पातळीची वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. पण धावपट्टी जवळ असणे आणि उड्डाण परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षण विमानाचा एक तास दहा हजार रुपयांहून महाग पडतो. ढगात, धुक्यात किंवा रात्री केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची पात्रता, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मिळवण्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार किमान ४० तास उपकरणाधारित उड्डाण लागते. त्यांपैकी २० तास, आणि उच्च प्रतीचा सिम्युलेटर असल्यास ३० तास, जमिनीवरच्या मान्यताप्राप्त यंत्रावर चालतात. घरच्या संगणकावर घालवलेल्या वेळाची नोंद या हिशेबात शून्य. हे शून्य योग्यच आहे, कारण तेथे कोणाची देखरेख नसते. मात्र नोंदवहीतील शून्य आणि शिक्षणातील शून्य एकच मानणे हा आळशीपणा आहे.

उपकरणांवर उडणे अवघड का, याचे उत्तर बोटांच्या कौशल्यात नाही. ते अंतर्कर्णात आहे. कानातील अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्याचा वेग मोजत नाहीत, त्यातील बदल टिपतात. विमान एकाच गतीने वळत राहिले की दहा-वीस सेकंदांत नलिकांतील द्रव त्या वळणाशी जुळवून घेतो आणि मेंदूला कळवतो की आपण सरळ जात आहोत. सेकंदाला साधारण दोन अंशांहून मंद कलणे तर मुळात जाणवतच नाही. म्हणजे पंधरा सेकंदांत विमान तीस अंश कलले तरी बसलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. गुरुत्वाकर्षण तरी मदतीला येईल असे वाटते, पण तेही दगा देते. ९० नॉट वेगाने सेकंदाला ३ अंशांचे प्रमाणित वळण घेताना विमान सुमारे १४ अंश कललेले असते. अशा नीट साधलेल्या वळणात वजनाची जाणीव थेट आसनाच्याच दिशेने होते आणि वाढते जेमतेम तीन टक्के. साठ किलोच्या माणसाला दोन किलोही जास्त वाटत नाहीत. याच्या उलट, वैमानिक विमान सरळ करतो तेव्हा शरीर ओरडून सांगते की आपण दुसऱ्या बाजूला कललो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे या तक्रारीला गप्प बसवतात. ते दिसत नसेल तर ते काम समोरच्या तबकड्यांना करावे लागते.

इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याचा एक प्रयोग झाला. उपकरणाधारित उड्डाणाचा अनुभव नसलेल्या वीस जणांना बाहेरचे दृश्य झाकून विमान हाती दिले गेले. एकोणीस जण आवळत जाणाऱ्या सर्पिलात सापडले आणि एकाने विमान उचलून वेग घालवला. ताबा सुटण्यास सरासरी १७८ सेकंद लागले. या आकड्याची धास्ती जगभरच्या विद्यार्थ्यांना घातली जाते. प्रयोगाचा दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. थोड्या तासांच्या शिस्तबद्ध सरावानंतर त्याच लोकांनी जवळजवळ प्रत्येक वेळी विमान सुखरूप मागे वळवले. त्यांचे कान सुधारले नव्हते. बदलले ते एवढेच की ते कानाऐवजी तबकड्यांवर विसंबू लागले. उपकरणांवर उडताना डोळ्यांचा नेहमीचा क्रम असा: कृत्रिम क्षितिज, तेथून उंचीमापक, पुन्हा क्षितिज, मग दिशादर्शक, पुन्हा क्षितिज, मग वेगमापक आणि वळणदर्शक, आणि एका तबकडीने सांगितलेले दुसरीकडून पडताळून घेणे.

हा क्रम मोडला की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोईंग ७४७ सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. किनारा मागे पडला, समोर काळा समुद्र आणि काळे आकाश. कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले आणि विमान उजवीकडे कलल्याचे दाखवत अडकून राहिले. प्रत्यक्षात विमान सरळ होते. कप्तानाने ते डावीकडे वळवले, आणि तबकडी हलेना म्हणून आणखी डावीकडे. उड्डाण अभियंत्याने दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला, पण वेळ उरला नव्हता. जमीन सोडल्यापासून दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कॉकपिटमधील इतर उपकरणांवर अवलंबून विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तो कप्तान अननुभवी नव्हता, ही बाब कोणीही विसरू नये.

आता प्रश्न असा की बिघडलेल्या क्षितिजाचा सराव विद्यार्थ्याला कोठे मिळतो? प्रशिक्षण विमानात शिक्षक त्या तबकडीवर एक चकती चिकटवतो. झाकलेले उपकरण निदान प्रामाणिक असते, कारण ते गेले हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. खरा बिघाड असा येत नाही. निर्वात पंप बंद पडला की जायरोस्कोपचा वेग हळूहळू उतरतो, क्षितिज किंचित झुकते, आणखी झुकते, आणि वैमानिक त्याच्यामागे निमूटपणे जात राहतो. खऱ्या विमानात हा बिघाड हवा तेव्हा घडवून आणणे शक्य नाही आणि आणूही नये. घरच्या संगणकावर मात्र तो अनिश्चित वेळी, न सांगता, पुन्हा पुन्हा घडवता येतो. खरेपणाच्या मोजपट्टीवर खालच्या पायरीवर असलेले हे साधन या एका बाबतीत खऱ्या विमानाहून चांगला शिक्षक ठरते. खेळणे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

इतिहासही त्यांच्या बाजूने नाही. १९२९ साली एडविन लिंक याने न्यूयॉर्क राज्यातील आपल्या वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यात, ऑर्गनचे भाते वापरून, जमिनीवरचे पहिले यशस्वी उड्डाण-शिक्षण यंत्र बनवले. सुरुवातीला ते गिऱ्हाईक म्हणून जत्रांना आणि करमणुकीच्या बागांनाच पटले. अमेरिकी लष्कराने १९३४ मध्ये सहा यंत्रे विकत घेतली, तीही टपाल वाहताना खराब हवामानात त्याचे वैमानिक मरू लागल्यावर. ब्रूस आर्टविक याने १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातच संगणकाच्या पडद्यावरील उड्डाणावर प्रबंध लिहिला, आणि त्यातून पुढे १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. ऑस्टिन मायर याने एक्स-प्लेन लिहायला घेतला तो आपलेच गंजलेले उपकरणाधारित उड्डाण पुन्हा घासूनपुसून घेण्यासाठी.

१९९० च्या दशकात त्याच इलिनॉय विद्यापीठातील टेलर आणि सहकाऱ्यांनी वैयक्तिक संगणकावर सराव केलेल्या विद्यार्थ्यांची इतरांशी तुलना केली. नवे कौशल्य प्रथम शिकताना संगणकाने विमानातील वेळ चांगलाच वाचवला. आधीच शिकलेले घोटताना हा लाभ घटत गेला. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९७ मध्ये, ठरावीक उपकरणे आणि शिक्षकाची हजेरी या अटींवर, अशा संगणकीय साधनावरचे दहा तास इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी धरायला मान्यता दिली. मान्यता मिळाली ती डोंगर-नद्यांच्या चित्रांना नव्हे. तबकड्या पुरेशा अचूक वागतात याला.

तीन पडदे विकणाऱ्यांचेही माप घेतले पाहिजे. जे साधन खुर्चीत बसवून ठेवते ते कानाला फसवू शकत नाही. तेथे अंतर्कर्ण सदैव खरे बोलतो की आपण स्थिर आहोत, आणि तबकड्यांशी त्याचे भांडण होतच नाही. शरीराच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय म्हणूनच घरी लागत नाही. ती विमानातच, शेजारी शिक्षक असतानाच लागते. लाखभर रुपयांचा चष्मा हे अंतर मिटवत नाही. दुसरा धोका चुकीच्या सवयीचा. एकट्याने शंभर तास फक्त कृत्रिम क्षितिजाकडे टक लावून बसलेला विद्यार्थी शून्य तासांच्या विद्यार्थ्याहून शिकवायला कठीण जातो. थांबवण्याची कळ दाबून विचार करण्याची चैन हाही एक आजारच.

म्हणून मागणी घरच्या तासांना नोंदवहीत जागा देण्याची नाही. मागणी याहून लहान आहे आणि म्हणूनच ती न मानण्यास सबब उरत नाही. उड्डाण प्रशिक्षण संस्थांनी घरच्या सरावाचा क्रमबद्ध पाठ्यक्रम मराठी-हिंदीत खुला करावा: कोणता पाठ, किती मिनिटे, उंचीत किती फुटांची आणि दिशेत किती अंशांची चूक चालेल. प्रत्येक उड्डाणाचा उंची, वेग आणि दिशेचा आलेख संगणक स्वतःच काढतो. तो शिक्षकाने विमानात बसण्याआधी पाहावा. अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांत संगणक-कक्ष आहेत आणि संध्याकाळी ते कुलूपबंद असतात. जायरोस्कोप, निर्वात पंप आणि अंतर्कर्ण हा पदार्थविज्ञानाचा पाठ तेथे याहून जिवंत कसा शिकवता येईल, हे या महाविद्यालयांनीच सांगावे.

हथखोजच्या त्या मुलीला या घडीला योकही लागत नाही. साधी जॉयस्टिक, एक जुना संगणक, पडद्यावर पूर्ण ढग, आणि बिघाडाची वेळ गुप्तपणे ठरवून ठेवणारा एखादा मित्र पुरे. वीस मिनिटे दोन हजार फुटांवर, शंभर फुटांच्या मर्यादेत. शेजारी वही, आणि वहीत एकच प्रश्न: क्षितिज खोटे बोलत आहे हे कितव्या सेकंदाला आणि कोणत्या तबकडीवरून कळले?