प्रश्न सहपत्रांचा

1874 साली बर्न येथे राष्ट्राराष्ट्रांत टपालाचा करार झाला, तो पत्रव्यवहारापुरता. पार्सलांच्या करारास 1880 साल उजाडावे लागले. पत्र हातोहात पुढे सरकते. पार्सलाला मात्र जागा लागते, आणि ते कोणी व किती दिवस सांभाळावयाचे हा प्रश्न उपस्थित होतो. संगणकीय निरोपांच्या जगातही नेमके हेच घडले आहे.

एक्सएमपीपी ही निरोपांची खुली नियमावली. जेरेमी मिलर यांनी 1999 मध्ये ‘जॅबर’ या नावाने तिचा आरंभ केला. 2004 मध्ये इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने तिला मान्यता दिली. तिच्यावर कोणा एका कंपनीची मालकी नाही. एका सर्व्हरवरील माणूस दुसऱ्या सर्व्हरवरील माणसास निरोप धाडू शकतो. परंतु निरोपासोबत छायाचित्र वा कागद धाडावयाचा झाला की हा सुरळीत व्यवहार अडखळे. त्यासाठी एक नव्हे, अनेक पद्धती होत्या, आणि त्यांत दोघेही एकाच वेळी जोडलेले असणे आवश्यक असे. घेणारा गैरहजर असला की फाइल अडून राही. गटातील सर्वांना ती एकदम धाडण्याची सोयच नव्हती. उलट, ज्या सेवांचे सर्व सर्व्हर एकाच कंपनीच्या हाती होते, त्यांना कोणाशी करार करण्याची गरज नव्हती. लोकांनी सोय पाहिली. मालकी पाहिली नाही.

2015 मध्ये पुढे आलेला तोडगा साधा आहे. पाठविणारा आपल्या सर्व्हरकडे जागा मागतो. सर्व्हर दोन पत्ते देतो : एक फाइल चढविण्याचा, दुसरा ती उतरवून घेण्याचा. निरोपातून जातो तो केवळ दुसरा पत्ता. घेणारा सवडीने फाइल उतरवून घेतो. यात नवा शोध काही नाही. वेबची रुळलेली रीतच सर्वांनी स्वीकारली, हेच तिचे यश होय.

अर्थात, पूर्वी हातोहात जाणारी फाइल आता सर्व्हरच्या कोठीत पडून राहते. तिचा कमाल आकार किती, ती किती दिवस ठेवावयाची, हे सर्व्हर चालविणारा ठरवितो. ‘मॅट्रिक्स’ या दुसऱ्या खुल्या नियमावलीत तर 2024 पर्यंत पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही फाइल उतरविता येई. त्या वर्षी ओळख पटविण्याचा नियम आला. म्हणूनच फाइल धाडण्यापूर्वी स्वतःच्या यंत्रावरच ती कुलूपबंद करणे अगत्याचे ठरते.

हा वाद केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. युरोपीय संघाच्या 2022 च्या कायद्याने बलाढ्य निरोपसेवांना, इतर सेवांनी मागणी केल्यास, दारे उघडावयास सांगितले. त्यात मजकुराबरोबर चित्रे, ध्वनी, चलच्चित्रे व इतर फायली यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, तो उगाच नव्हे. कार्यालयाचा आदेश, शाळेचे परिपत्रक, विद्यार्थ्याची टिपणे ही सारी आज सहपत्रे म्हणूनच फिरतात. ज्याच्या कोठीत ती साठतात, त्याला सोडून जाणे वापरणाऱ्यास अवघड होते. तेव्हा फाइल कशी धाडावी एवढ्यावर नियमावल्यांनी थांबू नये. ती किती काळ राहील व कोणाच्या सांगण्यावरून नष्ट होईल, हेही त्यांनी निःसंदिग्धपणे लिहून ठेवावे.