चांद्याचा हिमलेख

गेल्या वैशाखात एके रात्री आमच्या नेरुळच्या घरी वीज गेली. गच्चीवर जमलेल्या नातवंडांस गारवा वाटावा म्हणून आम्ही त्यांस उत्तर युरोप झाकून टाकणाऱ्या प्राचीन बर्फाची हकीकत सांगू लागलो. तेव्हा थोरला नातू विचारता झाला, "आजोबा, आपल्या महाराष्ट्रात असा बर्फ कधी होता का?"

हा प्रश्न आमच्या शिक्षकीच्या दिवसांत आला असता तर आम्ही ठासून 'नाही' म्हटले असते. म्हटलेही होते. चांद्याकडील एका विद्यार्थ्याने आजोळच्या नदीकाठचा एक गोटा वर्गात आणला होता. तो एका अंगाने घासून सपाट झालेला असून त्यावर समांतर ओरखडे होते. "नांगराचा फाळ लागला असेल," असे सांगून आम्ही तो खिडकीबाहेर टाकावयास लावला. वर्ग हसला.

वस्तुतः चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, तेथून फार दूर नसलेल्या पैनगंगेकाठच्या इराई गावी (इराई नदी निराळी) चुनखडीचा जो खडक आहे, तो असाच घासलेला व ओरखडलेला आहे. भूविज्ञान सर्वेक्षण खात्याचे फेडन यांनी त्याची हकीकत १८७५ साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वी १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंनी ओडिशातील तालचेर येथील गोट्यांचा थर पाहून तो बर्फाचे काम असावे असे म्हटले होते. परंतु उष्ण हिंदुस्थानात बर्फ कोठला, ही शंका स्वाभाविकच होती. इराईस प्रत्यक्ष जमिनीवरच खूण मिळाली.

संस्कृत वैयाकरण मोठ्या अरण्यास 'अरण्यानी' तसे मोठ्या हिमास 'हिमानी' म्हणतात. आम्हांस येथे हाच शब्द रुचतो. हिमानी स्वतःच्या भाराने अतिमंद सरकते. नुसत्या बर्फाने दगडावर रेघ उमटत नाही. तळाशी गोठून बसलेले गोटे खालच्या खडकास घासतात व स्वतःही घासले जातात. शिवाय नदी आपला माल सुपात पाखडल्याप्रमाणे निवडते. जड धोंडे आधी सोडते, बारीक गाळ पुढे नेते. हिमानीस ही निवडानिवड ठाऊक नाही. ती वितळते तेथे धोंडा, गोटा, चिकणमाती सर्व एकत्र टाकून जाते. तालचेरच्या थराची ओळख हीच. हा थर वर पसरल्यामुळेच खालचे ओरखडे सुमारे ३० कोटी वर्षे टिकले.

त्या काळी आपली भूमी दक्षिण ध्रुवाकडे, आफ्रिका व ऑस्ट्रेलियास जोडलेली होती. तेथेही असेच ओरखडे सापडतात. १९१२ साली खंडे सरकतात असे मांडणाऱ्या वेगेनर यांस या बर्फाच्या खुणांचा मोठा आधार वाटला. त्या जोडखंडास शास्त्रज्ञांनी दिलेले 'गोंडवन' हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून घेतलेले आहे. चांदा ही गोंड राजांचीच राजधानी होती, हा योग आम्हांस फार गोड वाटतो.

बर्फ वितळल्यावर तेथे दलदली व अरण्ये झाली आणि त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात तो जळतो, आणि तेथून पडघ्यापर्यंत आलेल्या वाहिनीने वीज आपल्या मुंबईकडील भागात पोचते. इतके सांगून होते तो दिवे आले व नातवंडे पंख्याखाली पळाली.

ज्यांस इराईस जाणे घडेल त्यांनी पौषात जावे. वैशाखात तेथील पारा ४५ अंशांवर जातो. ऊन तिरपे असताना, सकाळी अगर सायंकाळी पाहिल्यास ओरखडे स्पष्ट उमटतात. मात्र आठवण म्हणून तुकडा फोडू नये. माती हटून उघडी पडलेली चुनखडी पावसाने झिजतेच, आणि त्या जिल्ह्यातील चुनखडी सिमेंटच्या भट्ट्यांसही हवी असते.

आम्हीही येत्या पौषात निघावयाचे म्हणतो. गोटा आणणारा तो विद्यार्थी आता पन्नाशीकडे आला असेल. हा अंक त्याच्या घरी येत असल्यास त्याने आम्हांस पत्र टाकावे. वाट त्यानेच दाखवावी.